देवघरातला फिल्टर

कर्णिक काकांना मी कधी पाहिलं नाही. लंडनजवळच्या वॉटफर्डला त्यांच्या शेजारचं घर आम्ही भाड्याने घेतलं तेव्हा त्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं. पण त्यांचं खाकरणं मात्र मी रोज ऐकत असे. संध्याकाळी साडेपाचला, आमच्या जिन्यालगतच्या भिंतीतून, आधी एक लांब खरखर आणि मग जरा थांबून दोनदा ‘ख्खं, ख्खं’. एखादे सभ्य गृहस्थ दाराबाहेर उभे राहून घसा साफ करतात, अगदी तसं. पहिले काही दिवस मला वाटलं, शेजारी कुणी वयस्कर गृहस्थ राहत असतील. नंतर कळलं की शेजारी एकच माणूस राहतं, आणि ते म्हणजे कर्णिक काकू.

आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. तिकडे अशी जोडघरं गल्लोगल्ली आहेत. भिंतीच्या अलीकडे फोडणी दिली की पलीकडे शिंक येते. मी राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात दार वाजलं. दारात एक उंच बाई. पँट, त्यावर ढगळ पुरुषी स्वेटर, डोक्याला लोकरीची टोपी आणि कानामागे पेन्सिल.

“हिंगाची फोडणी आहे, म्हणजे तू मराठी किंवा गुजराती,” त्या म्हणाल्या. “गुजराती असतीस तर पाठोपाठ गूळ पडला असता. मी कर्णिक. चहाला ये.”

मी तोंड उघडायच्या आत त्या वळून गेल्यासुद्धा.

काकूंनी वॉटफर्डच्या एका शाळेत जन्मभर गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्या तरी त्यांचं शिकवणं काही थांबलं नव्हतं. वर्तमानपत्र त्या पेन्सिल घेऊन वाचत आणि टक्केवारी चुकली असेल तिथे गोल करत. कौन्सिलचं पत्रक आलं तरी त्याचीही सुटका नसे. कुणी काही ठासून सांगितलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, “प्रूव्ह इट. मग बोलू.” माझ्या नवऱ्याने एकदा त्यांना सांगितलं की ट्रेन रोज उशिरा येते. त्यावर त्या म्हणाल्या, “रोज की तू चिडलेला असतोस त्या दिवशी?” त्यानंतर तो त्यांच्यासमोर फक्त हवेबद्दल बोलू लागला, आणि तेही जपून.

भुताखेतांच्या गोष्टींवर तर त्यांचा विशेष राग. मंडळाच्या कोजागिरीला एका बाईंनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, की सासूबाईंनी ज्या मिनिटाला प्राण सोडला, त्याच मिनिटाला त्यांच्या खोलीतलं घड्याळ बंद पडलं. बाकीच्या बायकांनी गालाला हात लावले. काकूंनी दुधाचा पेला खाली ठेवला.

“प्राण गेला ती वेळ तुम्हाला कशी कळली?”

“घड्याळात पाहिलं ना! बंद पडलेलं होतं, त्यावरूनच कळलं.”

“मग झालं तर,” काकू म्हणाल्या. “बॅटरी बदला.”

त्या बाई पुढे कितीतरी दिवस काकूंशी बोलत नव्हत्या. काकूंच्या ते लक्षातही आलं नाही.

अशा बाईच्या घरी साडेपाचला मी पहिल्यांदा बसले होते, तेव्हा जे झालं ते मी आजही विसरलेली नाही. थंडीचे दिवस होते, बाहेर केव्हाच काळोख पडला होता. स्वयंपाकघरात आम्ही चहा घेत होतो आणि काकू मला आमच्या घरमालकाने चुकवलेला कुठलासा हिशेब समजावून सांगत होत्या. कोपऱ्यातला घर तापवायचा जुना बॉयलर खट्‌ करून पेटला आणि जरा वेळाने घुरघुरू लागला. आणि मग दाराबाहेर, पॅसेजमध्ये, तो आवाज आला. लांब खरखर. मग दोनदा ‘ख्खं, ख्खं’.

“या, मीच आहे,” काकू म्हणाल्या.

त्यांनी मान वर केली नाही. पेन्सिल थांबली नाही. हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्या सहज गेलं, की मी खरंच दाराकडे वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. माझा चेहरा पाहून मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

“सवय,” त्या म्हणाल्या. “पॅसेजमधला रेडिएटर आहे तो. गंज धरला की आत गॅस साठतो, गाळ साठतो. हीटिंग सुरू झालं की बॉयलरचं गरम पाणी त्यातून गुळण्या करत जातं. सिम्पल फिजिक्स.”

फिजिक्स खरंच सिम्पल होतं. बाकीचं तेवढं सोपं नव्हतं, ते हळूहळू कळत गेलं. काका मोठ्या एकत्र कुटुंबात वाढलेले. घरात वहिन्या, काकवा, चुलत बहिणी. पुरुषाने स्वयंपाकघरात शिरण्याआधी बाहेर खाकरायचं, आतून कुणी ‘या’ म्हटलं की मग पाऊल टाकायचं, हे त्यांच्या आईने अंगवळणी पाडलेलं. वॉटफर्डच्या या घरात बायको एकटी. तरीही ऑफिसमधून आले की कोट काढून ते स्वयंपाकघराच्या दाराबाहेर खाकरत आणि काकू आतून म्हणत, “या, मीच आहे.” सुरुवातीला चेष्टेने. पुढे पुढे ते त्यांच्या संसारातलं रोजचं झालं. हीटिंगचा टायमर काकांनीच साडेपाचला लावलेला. ते घरी पोचत त्या वेळेला घर तापायला लागावं म्हणून. ते गेल्यावर काकूंनी त्या टायमरला हात लावला नव्हता.

“मग रेडिएटर साफ का नाही करून घेत?” मी विचारलं होतं. नवी होते, शहाणपणा शिकवायची हौस होती.

“हं,” काकू म्हणाल्या, आणि साखर कितीला मिळते ते सांगू लागल्या.

ते सगळं हीटिंग काकांनी स्वतः बसवलं होतं. ते ड्राफ्ट्समन होते. लायब्ररीतून पुस्तक आणून, एका मित्राला हाताशी धरून त्यांनी घरभर पाइप फिरवले. बॉयलर स्वयंपाकघरात ठेवला आणि त्याला चिकटून भिंतीत एक उंच कपाट केलं. इंग्रज लोक अशा कपाटात टॉवेल ठेवतात, कारण पाइपांमुळे ते उबदार राहतं. काकांनी तिथे देव बसवले. हेतू तोच, देवांना थंडी वाजू नये. काकूंचा देवावर विश्वास नव्हता. पण काका गेल्यावर त्यांनी देव हलवले नाहीत, अधूनमधून फडक्याने पुसत. “मी फक्त केअरटेकर आहे,” त्या म्हणत.

त्यांची मुलगी अंजली केंब्रिजला संशोधन करायची. महिन्यातून एकदा यायची, आईसाठी पुस्तकं आणि नको असलेले सल्ले घेऊन. इंग्लंडमध्येच जन्मलेली, त्यामुळे तिचं मराठी लहान मुलीचं राहिलेलं. ती येई त्या दिवशी भिंत गप्प असायची. मला ते विचित्र वाटे. एकदा अंजली असताना मी तिकडे गेले, तर हीटिंग बंद आणि काकूंनी विजेचा हीटर लावलेला. अंजली म्हणत होती, “आई, तुझी घर फ्रीझिंग आहे! बॉयलर का नाही लावत?” आणि काकू ‘बिघडलाय जरा’ असं काहीतरी पुटपुटत होत्या. जन्मात खोटं न बोललेल्या बाईला ते नीट बोलताही येत नव्हतं. मुलीला तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून त्या थंडीत बसत होत्या, हे मला तेव्हा कळलं. कुणाच्या पॅसेजमध्ये कोण खाकरतं, त्यात मी का पडावं?

पण बॉयलर खरंच बिघडत चालला होता. गाळाने पाइप तुंबले, रेडिएटर खालच्या बाजूने थंडगार राहू लागले, आणि ऐन जानेवारीत बॉयलर वाटेल तेव्हा बंद पडायला लागला. आवाज मात्र वाढला. आता नुसतं खाकरणं नव्हतं, मधूनच एक ओढलेला उसासा यायचा. आमच्या जिन्यावरून जाताना मी पावलं भराभर टाकत असे. काकूंची छाती भरली, ताप आला, डॉक्टरांनी गरम खोलीत झोपून राहायला सांगितलं. अंजली रजा घेऊन आली.

त्या संध्याकाळी मी मुगाची खिचडी घेऊन गेले होते. काकू वरच्या खोलीत झोपलेल्या. अंजली स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून सूप ढवळत होती आणि मला तिच्या लॅबमधलं काहीतरी सांगत होती. टायमर बंद करायला काकूंना उठता आलं नव्हतं. साडेपाच झाले, बॉयलर त्या दिवशी नेमका पेटला.

लांब खरखर. मग दोनदा.

“या, बाबा,” अंजली म्हणाली. ढवळता ढवळता, मागे न बघता. मग तिचा हात थांबला. ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मला सांगता येत नाही. मोठी बाई होती ती, चष्मा लावणारी, पेपर लिहिणारी. ती दाराकडे धावली, दार उघडून पॅसेजमध्ये गेली आणि तिने दिवा लावला. तिथे कोट अडकवायची खुंटी, चपलांचं कपाट आणि रेडिएटर. बस्स.

“ती आवाज,” ती मला म्हणाली. “यू हर्ड इट, राइट? ती बाबाची आवाज होती.”

मी पाहिलं तर जिन्यात काकू उभ्या होत्या. कठड्याला धरून, स्वेटर उलटा घातलेला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. अंजली पॅसेजमध्ये खाली बसली आणि रेडिएटरला पाठ टेकून लहान मुलीसारखी रडायला लागली. काकू एकेक पायरी उतरत तिच्यापाशी आल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“एअर आहे ग, अंजू,” त्या म्हणाल्या. “नुसती एअर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. आवाज बसलेला होता. “हीटिंगवाल्याला फोन कर. मला बोलवत नाहीये.” मग जरा थांबून म्हणाल्या, “या घरात एक वेडी चालेल. दोन नकोत.”

केविन आला. तरुण, बोलका, बूट काढून आत येणारा. त्याने बॉयलरला हात जोडायचंच बाकी ठेवलं होतं. नवा बॉयलर घालावा लागेल, त्याआधी सगळे पाइप आणि रेडिएटर मशिनने धुवावे लागतील, आणि पुन्हा गाळ बॉयलरमध्ये जाऊ नये म्हणून चुंबकाचा फिल्टर बसवावा लागेल. नाहीतर दोन हिवाळ्यांत नवाही असाच होईल. काकूंनी वर्तमानपत्राच्या कडेला घराचा नकाशा काढला आणि पेन्सिल त्याच्यासमोर धरली. फिल्टर कुठे बसवणार, ते दाखव.

केविनने बॉयलरच्या अगदी शेजारी बोट ठेवलं. गरम पाणी एका पाइपने बाहेर पडतं, घरभर फिरतं आणि गार होऊन दुसऱ्या पाइपने परत येतं. येताना रेडिएटरांतला गंज घेऊन येतं. म्हणून फिल्टर त्या परतीच्या पाइपवर, सगळे रेडिएटर संपल्यानंतर आणि बॉयलरच्या आधी. आणि अशा ठिकाणी, की दरवर्षी तो उघडून धुता येईल.

काकू वाद घालू लागल्या. बाहेर जाणाऱ्या पाइपवर का नको? तोवर गाळ बॉयलरमधून जाऊन आलेला असतो. जमिनीखाली? मग दरवर्षी फरशी कोण फोडणार? मला वाटलं, देवघराचं कपाट वाचवायला चाललंय हे सगळं, कारण परतीचा पाइप हात पोचेल असा फक्त त्या कपाटातच होता. पण मग त्यांनी पेन्सिलीने पॅसेजमधल्या रेडिएटरभोवती गोल केला.

“हा एक सोडून बाकीचे धुता येतील का?”

केविनने विचार केला. येतील, म्हणाला, पण पाणी एकच आहे. या रेडिएटरमधला गाळ पुन्हा सगळीकडे फिरेल. तोडून वेगळा करू? मग गाळ फिरणार नाही, पण मग त्यात पाणीही जाणार नाही. तो थंड राहील.

“अँड क्वाएट,” काकू म्हणाल्या.

“अँड क्वाएट, यस.” त्याला ती चांगली बातमी वाटली.

काकू बराच वेळ नकाशाकडे बघत बसल्या. सुटत नाही असं गणित त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी त्यांनी तो गोल खोडरबराने पुसला आणि उठून कपाटातले देव एका बाजूला सरकवले.

सगळं आटोपलं त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन बसले. अंजली वर फोनवर होती. साडेपाच झाले. नवा बॉयलर पेटलेला कळलासुद्धा नाही. काकू कप हातात धरून दाराकडे बघत होत्या. आवाज ऐकू यावा म्हणून मी श्वास धरून होते, आणि येऊ नये म्हणूनही. घर भराभर तापलं. पॅसेजमधून कसलाच आवाज आला नाही.

“काम चोख केलंय हो त्याने,” काकू म्हणाल्या. चहा त्यांनी तसाच ओतून टाकला. मला त्यांची फार कीव आली, आणि हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं.

महिन्याभराने माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या. महाशिवरात्रीला त्यांना देवळात जायचं होतं आणि बाहेर बर्फ पडत होतं, म्हणून काकूंनी त्यांना आपल्या देवघरात पूजा करायला बोलावलं. मी मागाहून गेले तर सासूबाई कपाटासमोर बसलेल्या, हात जोडलेले, डोळे मिटलेले. देवांच्या मागे, परतीच्या पाइपवर बसवलेला तो काळा गुळगुळीत उभा फिल्टर. त्याला भस्माचे पट्टे, हळदकुंकू, वर एक पांढरं फूल.

“पिंडी फार तेजस्वी आहे हो तुमची,” सासूबाई डोळे उघडून म्हणाल्या. “नर्मदेतली का?”

मी ओठ चावून हसू दाबलं आणि काकूंकडे पाहिलं. आता ‘प्रूव्ह इट’ येणार आणि पाठोपाठ परतीच्या पाइपवर व्याख्यान होणार. कौन्सिलचं चुकलेलं गणितही ज्यांनी कधी सोडलं नाही, त्या काकू काही क्षण फिल्टरकडे पाहत राहिल्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “घरातलीच आहे.”

माझं हसू जागच्या जागी विरलं.

सासूबाई उन्हाळ्यात परत गेल्या. पुढच्या जानेवारीत केविन फिल्टर धुवायला आला, तेव्हा काकूंनी मलाही बोलावलं. त्याने कपाट उघडलं आणि चमकून विचारलं, हे लाल काय, गळतंय की काय? काकूंनी वर्गातल्यासारखं शांतपणे सांगितलं, “इट हॅज बीन ब्लेस्ड.” यावर पाणी ओतत जाऊ नका, एवढंच तो म्हणाला. मी मात्र त्या कुंकवाकडे पाहत राहिले. ते ताजं होतं.

त्याने फिल्टर उघडून आतला चुंबक बाहेर काढला. त्यावर दाट काळा चिखल, काजळासारखा मऊ. हा सगळा रेडिएटरांतला उरलासुरला गंज, म्हणाला, जुन्या घरात राहतोच. काकूंनी बोट पुढे करून त्याला लावलं. केविन सिंककडे वळला तसं त्यांनी त्याला थांबवलं, एका वाडग्यात तो चिखल काढून घेतला आणि मागच्या अंगणात काकांनी घातलेल्या फरशीच्या कडेला, मातीत ओतून आल्या. त्यांच्या नखात काळी रेघ राहिली होती. चहा देताना ती मला दिसली. त्यांनी ती धुतली नव्हती.

त्याच थंडीत आम्ही स्टॅनमोरला घर घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी मी काकूंची किल्ली परत करायला गेले. आजारपणापासून एक किल्ली माझ्याकडे असे. गुडघ्यांमुळे त्यांना उठायला वेळ लागायचा, म्हणून मी बेल न वाजवता दार उघडून हाक मारायची, अशीच आमची पद्धत होती.

दार उघडलं तर काकू पॅसेजमध्येच होत्या, माझ्याकडे पाठ करून. अंगात काकांचा स्वेटर. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं, आत दिवा. रेडिएटरवर त्यांचे मोजे वाळत होते, आणि त्याच्यातून कसलाही आवाज येत नव्हता. मी हाक मारणार, तेवढ्यात काकूंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि त्या खाकरल्या. आधी लांब खरखर. मग जरा थांबून दोनदा. भिंतीतून मी इतके दिवस ऐकत आले होते, हुबेहूब तसंच.

मान खाली घालून त्या थांबल्या. आत कुणी नाही, हे त्यांना काही सिद्ध करून दाखवायला नको होतं. मग आपल्या नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या, “या, मीच आहे,” आणि दार ढकलून आत गेल्या.

मी किल्ली चपलांच्या कपाटावर ठेवली आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.